तळ्याकाठचें हळदी-कुंकू

नलराजाच्या उपवनांतून उडालेला सोनेरी पंखांचा हंस कोठें जाऊन उतरला, हें ज्या घरांत ठाऊक नाहीं असें मराठी घर विरळाच. तो उतरला विदर्भांत, दमयंतीच्या कुंडिनपुरास. कुंडिनपूर म्हणजे आजचें कौंडिण्यपूर असें परंपरेनें मानलें जातें. हें गांव वर्धा नदीच्या पश्चिम तीरावर, अमरावती जिल्ह्यांत आहे. आणि नदी ओलांडली कीं आमच्या वर्धा जिल्ह्याचा आर्वी तालुका लागतो. तेव्हां भारतीय वाङ्मयांतील सर्वांत नामांकित हंसाचा मुक्काम आमच्या अगदीं शेजारीं पडला होता, असा अभिमान वर्धेकरांनीं बाळगला तर त्यांत वावगें कांहीं नाहीं. राजा रविवर्म्यानें १८९९ सालीं काढलेलें 'हंस-दमयंती' हें चित्र तर पुष्कळांच्या आजोबांच्या बैठकींत टांगलेलें असे, आणि हंस कसा असतो याची आपल्या मनांतील कल्पना बहुतांशीं त्याच चित्रावरून बनलेली आहे.

अडचण उभी राहते ती घरांतील मुलांपुढें. हंस कोठें पाहावयास मिळेल, त्याचें घरटें कसें असतें, अंड्यांतून पिलूं कसें निघतें, असे प्रश्न तीं विचारूं लागलीं म्हणजे वडीलधाऱ्यांची पंचाईत होते. खरें सांगावयाचें तर चित्रांतला तो पांढरा शुभ्र, लांब मानेचा हंस रानटी अवस्थेंत आपल्या देशांत घरटें करीतच नाहीं. त्याची एक जात युरोप व मध्य आशियांतील पाणथळींत राहते, तर हूपर नांवाची दुसरी जात आइसलंडपासून सैबेरियापर्यंतच्या थंड प्रदेशांत अंडीं घालते. कडाक्याच्या हिंवाळ्यांत एखादा हंस वाट चुकून आपल्या वायव्य सरहद्दीकडे येतो. २०१३ च्या जानेवारींत हिमाचल प्रदेशांतील पोंग जलाशयावर एक हूपर हंस दिसला, तेव्हां त्याची वर्तमानपत्रांत बातमी झाली होती. इंग्लंडांत डॉर्सेट परगण्यांत ॲबट्सबरी म्हणून एक स्थळ आहे. तेथें अकराव्या शतकांत मठवासी साधूंनीं राखलेली हंसांची वसाहत अजून नांदती आहे, आणि मे महिन्याच्या मध्यापासून लोक मुलाबाळांसह घरट्यांमधील वाटेनें फिरून पिलें बाहेर पडतांना पाहतात. आपल्याकडे ही सोय नाहीं.

मग संस्कृत कवींचा हंस तरी कोणता? पुष्कळ पक्षिज्ञांचें मत असें कीं, तो बव्हंशीं पट्टकदंब असावा. करड्या रंगाचा, पांढऱ्या डोक्यावर दोन काळे आडवे पट्टे असलेला हा पक्षी लडाख, तिबेट, मंगोलिया येथें वीण करतो आणि हिंवाळ्यांत हिमालय ओलांडून आपल्या तळ्यांवर उतरतो. त्याच्या अंगावर यंत्रें बसवून शास्त्रज्ञांनीं त्याचें उड्डाण मोजलें, तेव्हां तो सात हजार मीटरांहूनही उंच गेल्याची नोंद मिळाली. कालिदासानें मेघाबरोबर मानसाकडे निघालेले हंस वर्णिले, त्यांत कविकल्पनेपेक्षां निरीक्षणाचाच भाग अधिक असावा असें आम्हांस वाटतें. पण पट्टकदंब हा पाहुणा. तो आपल्या तळ्यावर जेवतो, झोपतो, आणि प्रपंच थाटण्यासाठीं स्वदेशीं परत जातो. पिलें पाहावयाचीं असतील तर हंसाच्याच कुळांतील, पण बारमहा येथेंच नांदणारें, गरीब घरचें कोणीतरी शोधलें पाहिजे.

असें एक बदक आहे, आणि त्याचें नांव ज्या कोणीं ठेवलें त्याच्या रसिकतेला तोड नाहीं. काळीभोर चोच, तिचें टोंक हळदीच्या बोटाप्रमाणें पिवळें, आणि चोचीच्या मुळाशीं, जेथें कपाळ संपतें तेथें, दोन बाजूंस दोन कुंकवाचे ठिपके. म्हणून हें हळदी-कुंकू बदक. लांबी सुमारें दोन फूट, अंगावर खवल्यांसारखी तपकिरी नक्षी, पंखांत हिरव्या आरशासारखा एक पट्टा, त्यामागें पांढरी झळक, पाय पोंवळ्यासारखे तांबडे. आमच्या मातुःश्रींना तें दुर्बिणींतून प्रथम दाखविलें, तेव्हां "अगबाई, ही तर सवाष्ण!" असे उद्गार त्यांनीं काढले. वस्तुतः या जातींत नर व मादी दोघेंही हळदी-कुंकू लावतात. नराचे ठिपके मात्र किंचित् ठसठशीत असतात. आमच्या थोरल्या काकूंनीं हें ऐकलें, आणि त्यांनीं कितीतरी वेळ दुर्बीण हातची सोडली नाहीं. काका जाऊन आतां बावीस वर्षें झालीं.

चोचीवरून व्यक्ति ओळखण्याची एक गंमत येथें सांगावीशी वाटते. इंग्लंडांतील स्लिमब्रिज येथें पीटर स्कॉट या पक्षिमित्रानें १९६४ पासून बेविक जातीच्या हंसांच्या चोचीवरील काळीपिवळी नक्षी कागदावर उतरून घेण्यास आरंभ केला. कोणत्याही दोघांची नक्षी सारखी नसते असें आढळून आल्यावर प्रत्येकास नांव देण्यांत आलें, आणि वर्षानुवर्षें कोण परत आला व कोण आला नाहीं याचा हिशेब ठेवतां आला. आमच्या मुलांनींही वहींत ठिपके काढून पाहिले. त्यांत साम्य इतकेंच निघालें कीं, सगळीं चित्रें एकाच शाईंत होतीं.

बोर नदीच्या खोऱ्यांत, सेलू तालुक्यांत, आमच्या शेतास लागून एक पाझर तलाव आहे. बोरचें अरण्य १९७० सालीं अभयारण्य झालें आणि २०१४ सालीं व्याघ्रप्रकल्प. तेथील वाघ पाहावयास दूरदूरचे लोक मोटारी घेऊन येतात. वाटेंतल्या तळ्याकडे मान वळविण्यास त्यांना सवड नसते. पण आमच्या तळ्याच्या एका अंगास उथळ पाणी आहे, तेथें लव्हाळा व पाणकणीस माजलेलें असतें, आणि त्याला लागून आमच्या व शेजाऱ्यांच्या शेतांमधला धुरा येतो. (पुण्यामुंबईकडील वाचकांनीं धुरा म्हणजे बांध समजावा.) गेल्या पावसाळ्यांत नागपंचमीच्या दिवशीं घरांतील बायका वारुळाच्या पूजेस निघाल्या असतां धाकट्या वहिनींच्या पायांशेजारून भर्रदिशीं एक पक्षी उडाला आणि तळ्यावर जाऊन ओरडूं लागला. गवताच्या बुंध्याशीं वाटीएवढा खळगा, त्यांत वाळलेलें गवत आणि मऊ पीस, आणि वर सात अंडीं. रंग पांढुरका, किंचित् हिरवट झांक मारणारा.

बदकाची रीत अशी कीं, मादी रोज साधारण एक अंडें घालते आणि सर्व अंडीं होईपर्यंत उबवावयास बसत नाहीं. पहिलें अंडें आठवडाभर तसेंच थंड पडून राहतें, तरी तें मरत नाहीं. आंतील जीव उबेची वाट पाहत थांबतो. मग शेवटचें अंडें झाल्यावर ती एकदां ठाण मांडून बसली कीं, सर्वांचा काळ एकदम सुरू होतो, आणि म्हणूनच पुढें सर्व पिलें जवळजवळ एकाच वेळीं बाहेर पडतात. षष्ठीस दुरून पाहिलें तेव्हां आठ अंडीं होतीं. त्या दिवसापासून ती बसली. येथून सुमारें चोवीस दिवस मोजावयाचे. मुलांनीं दिनदर्शिकेवर बोट फिरवीत आणलें, तें नेमकें पोळ्यावर येऊन थांबलें.

आणि तेथेंच घोटाळा होता. विदर्भांत पोळा हा बैलांचा सण. त्याच्या आधीं आठ-पंधरा दिवस जो तो धुऱ्यावरचें लुसलुशीत गवत कापून बैलांपुढें टाकतो. आमच्या धुऱ्यावरचें गवत तर दोघे कापतात, कारण तो धुरा कोणाचा याविषयीं आमचें व आमच्या धुरेकऱ्यांचें गेलीं आठ वर्षें जमत नाहीं. मोजणी झाली, हरकती झाल्या, बोलणें बंद झालें. पोळा जवळ आला कीं दोन्ही घरचे सालदार विळे घेऊन जणूं शर्यतीनें तेथें पोंचतात. गवतापेक्षां तें कापण्याचा हक्क महत्त्वाचा असतो. आमच्या सालदारास आम्ही थांबवूं शकत होतों. पण आम्ही थांबलों आणि त्यांनीं कापलें, तर मादी उघड्यावर पडणार. कावळे व मुंगूस यांस घरटें दिसावयास मग वेळ लागत नाहीं.

घरांत यावर मोठी सभा भरली. आमच्या एका पुतण्यानें सुचविलें कीं, अंडीं उचलून गांवांतील एखाद्या खुडूक कोंबडीखालीं ठेवावींत. ही युक्ति खेड्यांत जुनी आहे आणि पाळीव बदकांच्या बाबतींत ती चालतेही. परंतु १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें रानपक्ष्यांचीं अंडीं उचलणें व घरटें मोडणें हेंही शिकारीच्याच व्याख्येंत घातलें आहे, हें एक. दुसरें असें कीं, बदकाचें पिलूं जन्मल्यावर पहिल्या कांहीं तासांत जें हलतें-बोलतें समोर दिसेल तिलाच आई मानतें. ऑस्ट्रियाचे कॉनराड लोरेंट्स यांच्यामागून कलहंसाचीं पिलें रांगेनें चालत, तें याचमुळें. त्यांना १९७३ सालीं नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला. कोंबडीस आई मानणारें बदकाचें पिलूं तळ्यांत शिरेल खरें, पण घार दिसली असतां दडावें केव्हां व कोठें हें त्याला कोण सांगणार? आणि तिसरी गोष्ट मातुःश्रींनीं एका वाक्यांत सांगितली: "बसलेलीला उठवूं नये."

मार्ग धाकट्या वहिनींनीं काढला. श्रावणांतला शुक्रवार होता. त्या हळदी-कुंकवाचें तबक घेऊन आठ वर्षांनंतर प्रथमच धुरेकऱ्यांच्या वाड्यावर गेल्या, ओटी भरली, दूध-फुटाणे घेतले, आणि निघतां निघतां म्हणाल्या, "तुमच्याआमच्या धुऱ्यावर एक बाळंतीण बसली आहे, काकूजी." त्या घरच्या वृद्ध बाईंनीं सारी हकीकत ऐकून घेतली आणि आपल्या सालदारास ओट्यावरूनच हांक मारून सांगितलें, "थे बसली हाय त बसू दे तिले. गवत पोळ्याच्या बादबी कापता येते." दुसऱ्या दिवशीं दोन्ही सालदारांनीं मिळून घरट्याच्या दोन्ही बाजूंस दहा-दहा पावलांवर पळसाचा एकेक फांटा रोवला. त्यामधलें गवत त्या वर्षीं कोणींच कापलें नाहीं.

आम्ही पाहत होतों तें तेथून ऐंशी पावलांवरच्या बाभळीखालून. याहून जवळ जाऊं नये. माणूस गवत तुडवीत गेला कीं वाट पडते, आणि त्या वाटेनें व वासानें पुढें कुत्रें येतें. मादी सकाळीं व सायंकाळीं थोडा वेळ उठे. उठण्यापूर्वीं आपल्याच छातीचीं उपटलेलीं मऊ पिसें अंड्यांवर पांघरूण घातल्याप्रमाणें ओढून घेई, आणि उडण्याआधीं गवतांतून कांहीं अंतर चालत जाई, म्हणजे घरट्याची जागा कोणास कळूं नये. पाण्यावर गेली कीं घाईघाईनें चरे. बदकाच्या चोचीच्या कडेला कंगव्यासारखे बारीक दांते असतात. चिखलाचें पाणी तोंडांत घेऊन तें दांत्यांतून बाहेर सोडावयाचें आणि बीं, किडा, कोवळें पान एवढेंच आंत ठेवावयाचें. नीरक्षीरविवेकाची जी ख्याति हंसाला मिळाली, तिचें मूळ हंसकुळाच्या या चाळणींत असेल कीं काय असें आमच्या मनांत येतें. दूध राहूं द्या. चिखलांतून अन्न निवडणें हें काय कमी अवघड आहे?

कृष्ण पक्षांतील एका रात्रीं पाऊस असा कोसळला कीं, तळ्याचें पाणी लव्हाळ्याच्या वर चढलें. सकाळीं मुलें छत्र्या घेऊन धांवलीं. पाणी घरट्यापासून हातभर खालीं येऊन थांबलें होतें. ती पावसांत बसूनच होती. पाठीवरून थेंब ओघळत होते आणि मान पंखांत दुमडलेली होती. शेपटीच्या मुळाशीं असलेल्या ग्रंथींतील तेल ही मंडळी चोचीनें पिसांना लावतात, म्हणून तीं भिजत नाहींत. सांडव्यावरून पाणी दिवसभर वाहिलें आणि सायंकाळीं उतरलें.

अंड्याच्या आंत या वेळीं काय चाललेलें असतें, याचा शोध अलीकडच्या शतकांत लागला, आणि तो पुराणांतल्या कथांइतकाच नवलाचा आहे. जन्मापूर्वीं एकदोन दिवस पिलूं कवचाच्या आंतूनच बारीक आवाज करूं लागतें. आई बाहेरून हलक्या स्वरांत उत्तर देते. अमेरिकन शास्त्रज्ञ गिल्बर्ट गॉटलीब यांनीं बदकांवर प्रयोग करून दाखविलें कीं, पिलूं अंड्यांत असतांना जें ऐकतें त्याचा जन्मानंतर आईचा आवाज ओळखण्याशीं संबंध असतो. अभिमन्यूच्या गोष्टीवर हंसणारांनीं निदान बदकाच्या बाबतींत तरी थोडें जपून हंसावें. कवच फोडण्यासाठीं चोचीच्या टोंकावर एक इवलासा कठीण दांत असतो. त्यानें आंतून टोंचत टोंचत पिलूं गोलाकार चीर पाडतें आणि टोपण उचलल्याप्रमाणें बाहेर येतें. काम झाल्यावर तो दांत गळून पडतो.

पोळ्याच्या आदल्या सायंकाळीं दोन्ही घरीं बैलांच्या खांद्यांना हळद-लोणी चोळून त्यांस जेवणाचें आवतण देणें चाललें होतें, आणि तिकडे मादी त्या दिवशीं उठलीच नाहीं. पोळ्याच्या दिवशीं दुपारीं तिच्या पंखाखालून काळें-पिवळें कांहींतरी डोकावलें व पुन्हां आंत गेलें. संध्याकाळपर्यंत दुर्बिणींतून चार डोकीं मोजतां आलीं. दुसरा दिवस तान्ह्या पोळ्याचा. विदर्भांतील मुलें या दिवशीं लांकडी नंदी सजवून मिरवितात, आणि आमच्याच जिल्ह्यांतील सिंदी रेल्वे येथला तान्हा पोळा तर फार गाजलेला. वर्षभर त्या दिवसाची वाट पाहणारीं पोरें नंदी बगलेंत मारून पहांटेच बाभळीखालीं येऊन बसलीं होतीं. सूर्य कासराभर वर आला असेल नसेल. मादी उठली, चार पावलें चालली, थांबली, हळूं आवाजांत बोलली. गवत हललें. एकामागून एक सात पिलें बाहेर पडलीं, वय पुरें एक दिवसाचेंही नाहीं, आणि पळसाच्या फांट्याजवळून चिखलांत, चिखलांतून पाण्यांत उतरलीं. पोहणें कोणीं शिकविलें नाहीं. शेवटचें पिलूं एका ढेंकळाला अडून उताणें पडलें. आई वळून थांबली. तें उठून तिला मिळेपर्यंत आम्हां मोठ्या माणसांपैकींही कोणी बोललें नाहीं.

आठवें अंडें फुटलें नाहीं. दुपारीं तें कावळ्यानें नेलें.

पुढची हकीकत सुखाचीच आहे असें नाहीं. तिसऱ्या दिवशीं पिलें सहा होतीं, आठवड्यानें पांच, अनंतचतुर्दशीच्या सुमारास चार. एक घारीनें नेलेलें आम्हीं स्वतः पाहिलें. त्या वेळीं मादी पंख मोडल्याचें सोंग करून पाण्यावर तडफडत दूर जात होती, पण तें सोंग जमिनीवरच्या कुत्र्यास फसवितें, घारीस नाहीं. मुलींनीं विचारलें, आपण दगड कां मारला नाहीं? घारीचेंही घरटें चिंचेवर होतें, एवढेंच उत्तर देतां आलें, आणि तें त्यांना मुळींच पटलें नाहीं.

घार, मुंगूस, कावळा हे हिशेबांतले शत्रु आहेत; त्यांच्यासाठींच निसर्ग आठ अंडीं देतो. हिशेबाबाहेरची गोष्ट निराळी. तळें म्हटलें कीं खोल पाणी, असें आपण समजतों, आणि हल्लीं गाळ काढतांना वा सुशोभीकरण करतांना कांठ सरळ कापून त्याला दगडांची बांधणी देतात. २०१७ पासून सरकारी योजनेनें धरणांतला गाळ शेतांत जाऊं लागला, याचा शेतीला लाभ आहे व तो आम्हांलाही झाला आहे. परंतु हळदी-कुंकू, कमळपक्षी, टिबुकली, पाणकोंबडी या साऱ्यांचा संसार गुडघाभर पाण्यांत आणि त्याला लागलेल्या गवतांत असतो. मध्यें हवें तेवढें खणावें. एक बाजू उतरती व मळकट राहूं द्यावी. २०१८ सालीं वर्धा शहरानें मतदान घेऊन नीलपंखास आपला शहरपक्षी ठरविलें, तेव्हां शाळकरी मुलांनीं केवढा उत्साह दाखविला होता! तळ्याच्या त्या मळकट बाजूसाठीं मत मागण्यास मात्र कोणी उभें राहत नाहीं.

चारही पिलें दिवाळीच्या आधीं तीनचार दिवस उडालीं. नोव्हेंबर उजाडला कीं मोठ्या जलाशयांवर पट्टकदंब येऊं लागतील. ज्यांना दमयंतीचा हंस पाहावयाचा असेल त्यांनीं पहांटे निघावें, अंगावर मळखाऊ रंगाचीं वस्त्रें घालावीं, आणि डबा बरोबर न्यावा. धुऱ्याचें गवत पोळ्यानंतर पंधरा दिवसांनीं दोन्ही सालदारांनीं अर्धें-अर्धें वांटून कापलें. धुऱ्याचा वाद अजून तहसिलींत पडून आहे. धाकट्या वहिनी मात्र दर शुक्रवारीं जातात.